कुत्र्यापासून कचरा सांभाळणारी पत्र्याची पेटी – ८ महिने वापरून लिहितेय

पहिलेच सांगते, ही पेटी कुत्र्यासाठी नाही, कुत्र्यापासून आहे. पेटीवाल्या काकांचाही हाच घोळ झाला होता. मी म्हटलं काका कुत्र्यापायी एक पेटी बनवून पाहिजे, तर ते पत्रा कापता कापता थांबले अन् चष्म्यावरून पाहत म्हणे, "कुत्रं पेटीत ठेवता का बाई? गुदमरून मरन ना थे." म्हटलं काका, गुदमरू नये म्हणूनच तर पेटी पाहिजे. मग अर्धा तास स्टुलावर बसून सगळी कहाणी सांगावी लागली, तीच इथे पण सांगते, नाहीतर १४५० रुपयांची कचऱ्याची पेटी घेणारी बाई येडी वाटेल (आमच्या सासूबाईंना अजूनही वाटते).

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. घराच्या समोरच्या छपरीतच आमचं छोटं किराणा दुकान आहे, मागे अंगण, त्याच्या मागे बैलाचा कोठा. म्हणजे आमच्या घरी पाकीट, पन्नी, पुठ्ठा, सुतळी, टेप यांचा जेवढा कचरा एका दिवसात निघते तेवढा दुसऱ्याकडे हप्त्यात निघत नसन. अन् गोट्या म्हणजे आमचं कुत्रं, गावठीच, रंग मातीचा, वय तीनेक वर्षं, डोकं चांगलं मोठं अन् अक्कल खाण्यापुरती.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर पाहवत नव्हतं असं ऊन, सगळे जेवून कुलरसमोर पडलेले. आता ज्याच्या घरी तो पत्र्याचा मोठा कुलर आहे त्याला माहीत आहे, तो चालू असला की दारात बँड वाजला तरी ऐकू येत नाही. अन् तेवढ्यात लाइन गेली. एरवी लाइन गेली की मी चार शब्द बोलल्याशिवाय राहत नाही, पण त्या दिवशी लाइन गेली म्हणून कुत्रं वाचलं. कुलर बंद झाला अन् मागून फर्र-फर्र असा आवाज आला, मग धपकन काहीतरी पडलं. मला वाटलं माकडं आली. जाऊन पाहते तर गोट्या उलटा उलटा मागे सरकून राहिला, रांजणाला धडकला, मग बाजेच्या पायाला, अन् त्याच्या डोक्यावर पार कानापर्यंत चिप्सचं मोठं चकचकीत पाकीट बसलेलं.

पाकीट आत-बाहेर होऊन राहिलं होतं. त्यानं श्वास आत घेतला की पाकीट तोंडाला असं चिकटे की वरून त्याच्या नाकाचा गोळा अन् दोन्ही नाकपुड्या दिसत, मग थोडं फुगे, मग परत चिकटे, अन् दरवेळी फुगणं कमी कमी होत चाललेलं. पुढच्या पायानं ओढायला पाहे तर नखं नुसती घसरत, वरून ते पाकीट गुळगुळीत अन् आतून तेलकट. मी धरली मान, तर तो घाबरून आणखी झटका देऊन राहिला, ओढली तर निघेना, शेवटी कोपरा दातात धरून टरकन फाडला. जीभ जांभळी पडली होती. असा घरघर करत श्वास घेतला त्यानं की मी तिथंच गरम फरशीवर बसली अन् चटका बसला हे मला संध्याकाळी कळलं. नाकात मसाला गेलेला, दोन दिवस शिंकत होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी छाती तपासली, ठीक आहे म्हणे, अन् मग मला जे सांगितलं ते मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं. ते म्हणे ताई, माणसाला वाटते पाकीट म्हणजे पिशवी, कधी ना कधी निघन डोक्यातून, पण या चकचकीत पाकिटातून हवा अजिबात जात नाही, कुरकुरीत राहावं म्हणून तसंच बनवलेलं असते. कुत्रं तळाचा चुरा चाटायला तोंड घालते, श्वास ओढला की ते नाकातोंडाला सील झाल्यासारखं बसते, आतली हवा दोन-चार श्वासांत खराब होते, अन् चार-पाच मिनिटांत खेळ खतम. आवाजही होत नाही जास्त. लोक घरी येतात अन् कुत्रं मेलेलं सापडते, वाटते साप चावला. अमेरिकेत म्हणे यापायी इतके कुत्रे गेले की लोकं पाकिटं कापून फेका म्हणून मोहीम चालवतात. आपल्याकडे कोण मोजते.

अन् एक शिकवलं, ते इथे लिहूनच ठेवते: पाकीट काढल्यावर श्वास चालू नसन तर तोंड उघडून जीभ पुढे ओढायची, आत काही अडकलं असन तर काढायचं, मग तोंड हातानं मिटून धरायचं अन् त्याच्या नाकात फुंकायचं. माणसासारखं तोंडात नाही, नाकात. छाती वर आली पाहिजे. अन् धडधड लागत नसन तर छाती दाबायची, ३० वेळा दाबलं की २ वेळा फुंकायचं. अन् हे करता करता कोणाला तरी गाडी काढायला लावायची.

तर यानंतर मी केलेला पहिला मूर्खपणा म्हणजे ऑनलाइन पेडलवाला डस्टबिन मागवला. कंपनीचं नाव घेत नाही. ८९९ रुपये, फोटोत एक गोरंपान कुत्रं शेजारी शहाण्यासारखं बसलेलं, खाली लिहिलेलं की पाळीव जनावर उघडू शकत नाही. पार्सल आलं अन् मी दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून अंगणातच ठेवलं, पंधरा मिनिटांनी जाऊन पाहते तर सगळ्या अंगणात बर्फ पडल्यासारखा थर्माकोल, गोट्याच्या तोंडात बबलवाली पन्नी, फुगे फोडायची मजा चाललेली, अन् टेपचा एक लांब तुकडा शेपटीला चिकटलेला. कुत्र्यापासून वाचवणारी वस्तू ज्यात बांधून आली तेच त्यानं पहिले फस्त केलं. डॉक्टरांना फोन केला तर म्हणे थर्माकोल पचत नाही, चार-सहा दाणे गेले तर शेणातून, म्हणजे त्याच्या संडासातून निघून जाईल, पण मोठे तुकडे गिळले असन तर आतडं अडू शकते, अन् प्लास्टिक-थर्माकोल साध्या एक्स-रेत नीट दिसतही नाही. उलटी होते का, जेवण सोडते का, पोट ताणते का, हे दोन दिवस पाहा. दोन दिवस मी त्याच्या मागे मागे काडी घेऊन फिरली. पुढचं सांगत नाही, जेवायच्या वेळेला वाचत असाल.

त्याच डब्यात एक छोटी पुडी पण होती, साबुदाण्यासारखे दाणेवाली, बुटाच्या डब्यात निघते ती. तिचा मला सर्वात जास्त धाक होता कारण वर लिहिलं असते खाऊ नका. डॉक्टर म्हणे ती ओल शोषणारी सिलिका जेल, ती तेवढी विषारी नाही, पुडी घशात अडकली तर त्रास. पण तशीच दिसणारी दुसरी पुडी येते, काही मिठाईच्या अन् सुक्या खाऊच्या पाकिटात, तिच्यात लोखंडाची भुकटी राहते, हवेतला ऑक्सिजन खाऊन माल टिकवायला. ती फोडून खाल्ली तर लोखंडाची विषबाधा होऊ शकते. दोन्ही पुड्या दिसायला सख्ख्या बहिणी, म्हणून मी आता वाचत बसत नाही, पुडी निघाली की पेटीत.

तर पेडलवाल्या डस्टबिनचा रिव्ह्यू एका ओळीत: तीन दिवसांत गोट्याला कळलं की पाय दिला की झाकण उघडते. चौथ्या दिवशी मी स्वतः पाहिलं, साहेब पेडलवर पुढचा पाय देऊन आत वाकून पाहत होते, जसं बँकेतलं लॉकर. दहाव्या दिवशी डस्टबिन आडवा अन् झाकणाचा एक कान तुटलेला. परत करायला गेली तर म्हणे खोका पाहिजे. खोका! तो कुठून आणू, तो तर गोट्याच्या पोटात. आता त्यात सासूबाई कांदे ठेवतात.

म्हणून मग पेटी. आमच्याकडे बाजाराच्या लाइनमध्ये पेट्या-कोठ्या बनवणारे काका आहेत, लग्नातल्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, सगळं हातानं. माप दिलं दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, जरा जाड घ्या म्हटलं. वरून झाकण, समोर कडी-कोयंडा. आत दोन तेलाचे १५ किलोवाले पिपे वरून कापून उभे ठेवलेत, एकात प्लास्टिक अन् पाकिटं, दुसऱ्यात सुतळी, टेप, पिना, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असलं. ओला कचरा यात टाकायचा नाही, तो सरळ उकिरड्यावर. पहिल्या हप्त्यात मी टाकला होता, मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत आंब्याच्या कोया, तो वास मी जन्मात विसरणार नाही.

काम करते का? हो बापा, करते. गोट्यानं पहिले दोन दिवस भोवती फेऱ्या मारल्या, पंजानं ढकलली, पत्रा वाजला तसा स्वतःच दचकून पळाला. मग तिसऱ्या दिवशी नाकानं कडी वर उचलायला शिकला. हो, कडी. नुसती अडकवलेली कडी कुत्रं उघडू शकते, हे मला काकांनी सांगितलं नव्हतं अन् मी पण विचारलं नव्हतं. मग कोयंड्यात लाकडाची खुंटी घातली, दोरीनं पेटीलाच बांधून ठेवली म्हणजे हरवत नाही. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही उघडली नाही त्याच्यानं. कुलूप लावू नका, लावलं की घरातलेच लोक कंटाळून कचरा बाजूला ठेवतात अन् मग पेटीचा काय फायदा.

पण खरी गोष्ट ही की पेटीनं अर्धंच काम होते. उरलेलं अर्धं कात्रीचं. दुकानाच्या गल्ल्यापाशी आता एक कात्री दोरीला टांगलेली आहे अन् आमच्याकडे चिप्सचं, शेवेचं, बिस्किटाचं कोणतंही पाकीट रिकामं झालं की दोन्ही बाजू कापून, उभं चिरून, चटईसारखं सपाट करूनच टाकायचं. सपाट पाकिटात डोकं अडकत नाही, साधी गोष्ट आहे. दुकानासमोर उभं राहून खाणारी पोरं पाकीट तिथंच फेकत होती, त्यांना पोरीनं नियम लावला की कापून दिलेल्या पाच पाकिटांमागे एक गोळी. आमची पोरगी सहावीत आहे पण हिशोबाला पक्की, आता पोरं दुसऱ्या दुकानातली पाकिटं पण इथं आणून देतात अन् गोळ्या नेतात, हा तोटा कोणाच्या खात्यात लिहू ते मला कळत नाही.

आता सुतळीचं. मला वाटे धोका म्हणजे पन्नी, तोंडावर बसणारी. सुतळीकडे मी पाहतही नव्हती. सरकीच्या ढेपीचं पोतं उघडलं की तोंडाची शिवण एका झटक्यात सर्रकन निघते, हातभर-दोन हात पांढरा दोरा, तो आपण तिथंच टाकतो. ढेपीचा वास लागलेला असते, कुत्रं चघळते, मग गिळते. डॉक्टरांनी जे समजावलं ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला: दोऱ्याचं एक टोक जिभेखाली नाहीतर पोटाच्या तोंडाशी अडकून बसते अन् बाकीचा दोरा आतड्यात पुढे सरकत जाते, मग परकराची नाडी ओढली की नेफा कसा चुण्या पडून गोळा होते, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होते, अन् जास्त ताणलं की दोरा आतडं कापते. म्हणून कुत्र्याच्या तोंडातून नाहीतर मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. माझ्या हातून तर पहिले ओढल्याच गेला असता, तुमच्याही जाईल. ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. आमच्या इकडे मोठं ऑपरेशन असलं तर नागपूर गाठावं लागते, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आमच्यापासून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणजे कुत्र्याला घेऊन गाडी करून जाणं आलं. त्यापेक्षा दोरा पेटीत टाकणं स्वस्त.

उलटी करवायच्या घरगुती उपायांबद्दल पण त्यांनी चांगलं झापलं मला. मी मिठाचं पाणी पाजणार होती थर्माकोलच्या वेळेला, शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. तर म्हणे मिठाच्या पाण्यानंच कुत्रं मरू शकते, रक्तात मीठ चढते. अन् घासलेट, अॅसिड नाहीतर टोकदार काही पोटात गेलं असन तर उलटी करवणं म्हणजे जाताना एकदा जाळलं, येताना दुसऱ्यांदा. आधी फोन करायचा, अन् काय खाल्लं त्याचं पाकीट सोबत न्यायचं. सरकारचा १९६२ नंबर आहे जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा, तो मी गल्ल्यावर खडूनं लिहून ठेवलाय.

गोळ्यांच्या पट्ट्या पण पेटीत जातात. रिकामी म्हणून आपण फेकतो, पण एखादी गोळी राहून जाते, अन् माणसाच्या अंगदुखीच्या, तापाच्या गोळ्या कुत्र्याला चालत नाहीत, पोटात जखमा होतात, किडनी-लिव्हर जाते. शिवाय पट्टीचा फॉइल चावला की धारदार तुकडे.

एक गोष्ट मात्र या पेटीत अजिबात टाकत नाही, ती म्हणजे शेतातलं. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे अन् बियाण्याचे पाकीट. आमच्या इकडे जूनमध्ये प्रत्येकाच्या घरी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं पडलेली असतात, आतलं बी रंगीत का दिसते तर त्याला औषध चोळलेलं असते, अन् चार दाणे कोपऱ्यात राहतातच. डब्यावरचा तिकोना पाहायचा, लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा आहे म्हणून कुत्र्यापुढे टाकायचा असं नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीची विषबाधा होऊन माणसं गेली, जी माणसं औषध हाताळत होती ती, मग डबा चाटणाऱ्या कुत्र्याचं काय घेऊन बसलात. आमचे हे पहिले रिकाम्या डब्यात बैलगाडीचं वंगण ठेवत, मी बंद केलं. आता तीनदा पाणी घालून विसळायचं, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, डब्याला भोकं पाडायची म्हणजे कोणी परत वापरत नाही, अन् डबा घराकडे आणायचाच नाही. उंदराच्या औषधाच्या पुडीचं पण तसंच. ती काळी पावडर पोटातल्या अॅसिडमध्ये मिसळली की जहरी गॅस होते, कुत्र्यानं उलटी केली तर तो गॅस आपल्याही नाकात जाते, म्हणून बंद खोलीत कुत्र्याजवळ बसायचं नाही, दारं-खिडक्या उघडून गाडीत टाकायचं.

बरं, पेटीवर येते. कमी काय काय आहे तेही सांगते.

एक तर आवाज. झाकण सुटलं की गल्लीभर ऐकू जाते, रात्री अकरा वाजता पोरीनं पाकीट टाकलं तर बैलसुद्धा उठतो. दुसरं, झाकणाला अडवायला काही नाही, माझ्या बोटावर दोनदा पडलं, एकदा नख काळं झालं. काकांना म्हटलं तर म्हणे साखळी लावून देतो, पन्नास रुपये. हे पहिलेच लावून द्यायला पाहिजे होतं काका. तिसरं, पत्र्याचे काठ. मी आग्रह धरून वळवून घेतले म्हणून बरं, नाहीतर कुत्र्यानं जीभ लावली असती अन् कापून घेतली असती, पण आतल्या बाजूनं एका कोपऱ्यात अजूनही धार आहे. चौथं, गंज. पहिल्याच पावसाळ्यात बुडाला तांबारा आला. आता चार विटांवर ठेवलीय अन् बुडाला जुना ऑइलपेंट मारलाय. पत्रा जीआय आहे म्हणून गंजत नाही म्हणाले होते, तर कापलेल्या काठापाशी गंजतोच, हे लक्षात ठेवा.

अन् उन्हात ठेवू नका, हे तर बोललीच. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते, पत्र्याला हात लावता येत नाही. छपरीच्या सावलीत ठेवा.

आमच्या सासूबाईंचं मत पण लिहायला पाहिजे, नाहीतर वाचून रागावतील (वाचत नाहीत, पोरगी वाचून दाखवते). पेटी घरी आली त्या दिवशी त्या म्हणे, "माझ्या लग्नात मले याच्याहून लहान पेटी होती, अन् थे भरली नोती. आता कुत्र्याच्या कचऱ्याले एवढी मोठी!" मग आठ दिवसांनी शेजारच्या काकू आल्या तेव्हा त्यांनाच सांगत होत्या, की पाह्य वं, आमची पन्नी उडून कोठ्यात जात नाही आता, बैलानं खाल्ली नाही या वर्षी एकपण. ही गोष्ट मला सुचलीच नव्हती. पातळ पन्न्यांवर बंदी आहे, बाजारात मात्र पहिल्यासारख्याच मिळतात, अन् उडून पहिले जातात कोठ्याकडे. म्हणजे कुत्र्याच्या नावानं पेटी आली अन् फायदा बैलाचा झाला.

मार्क द्यायचे तर पाचपैकी चार. एक मार्क बोटाचा कापला.

कोणाला बनवून घ्यायची असन तर सांगताना हे सांगा: काठ आतून-बाहेरून वळवलेले, झाकणाला साखळी, बुडाला चार इंचाचे पाय म्हणजे विटा लागत नाहीत, अन् कोयंड्यात खुंटी जाईल एवढं भोक. उंची पिपे उभे बसतील अन् वर थोडी जागा राहील एवढी घ्या. मी शेतातल्या खोपडीसाठी औषधाच्या डब्यांची दुसरी सांगून ठेवलीय, तिला कुलूप पाहिजे म्हटलं. काका म्हणे दिवाळी झाली की देतो. संक्रांत होऊन गेली, मागच्या बाजाराला विचारलं तर म्हणे, "लग्नाच्या पेट्या हायेत ना बाई आता, तुमच्या कुत्र्याले सांगा जरा थांब."